चालत्या मशीनची पेस्ट

मारोतीनं लाऊडस्पीकरचं मशीन दुरुस्तीला आणलंच नव्हतं. दुरुस्तीला होती ती माईकची वायर. तिचं टोक तुटलं होतं. मशीन सोबत आणलं ते एवढ्याचसाठी की वायर झाळून झाली की तिथंच बोलून बघता यावं. भुजंगनं आपल्या दुकानात वायर झाळली. मारोती माईकात दोनदा "हॅलो" म्हणाला, मशीन बोललं आणि बोरवाडीच्या एस.टी. थांब्यावर झोपलेलं कुत्रं दचकून उठून बसलं. काम तिथंच संपलं होतं. नुसता शहाणा माणूस असता तर त्यानं मशीन मारोतीच्या खांद्यावर देऊन त्याला वाटेला लावलं असतं. पण भुजंग नुसता शहाणा नव्हता, तो नांदेडहून शिकून आलेला होता.

वैद्यानं नाडी बघावी तसा त्यानं मशीनच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मारोती, पेस्ट वाळली असंल बघ."

"कोणची पेस्ट?"

"आतली. कधी घेतलंय मशीन?"

"बहात्तरच्या दुष्काळानंतर. वस्तीनं वर्गणी काढून."

"मग झालं तर. इतक्या सालांत वाळून चुरा झाला असंल. आज बोलून राहिलंय, उद्या जळंल."

"पण ते तापत तर न्हाई कधी."

"तेच वाईट," भुजंग म्हणाला. "बाहेरून तापत न्हाई म्हंजे आतल्या आत तापून राहिलंय."

यावर मारोती काय बोलणार? तो वस्तीतल्या विहाराच्या मशीनची देखभाल करायचा, म्हणजे रोज सकाळी ते फडक्यानं पुसायचा आणि लेकरांना त्याच्यावर बसू द्यायचा नाही. ज्याला यंत्राचं आतलं कळतं तो काही म्हणाला की आपण मान डोलवायची, हा रिवाज. त्यानं मान डोलवली. भुजंगनं पेचकस उचलला.

आता ही पेस्ट काय भानगड आहे ते सांगायला हवं. लाऊडस्पीकरच्या मशीनमध्ये मोठे ट्रान्झिस्टर असतात, खारकेएवढे, पत्र्याचे. ते काम करताना तापतात. त्यांची धग निघून जावी म्हणून त्यांना कंगव्यासारखे दात असलेल्या अॅल्युमिनियमवर स्क्रूनं आवळलेलं असतं. मध्ये अभ्रकाची पातळ चकती असते, म्हणजे धग पलीकडे जाईल पण करंट जाणार नाही. आणि त्या चकतीच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट चोपडलेली असते, मध्ये हवेची फट राहू नये म्हणून. एवढंच. ही पेस्ट जुनी झाली की वाळते. वाळली म्हणून बदलायची की नाही, यावर दोन मतं असू शकतात, हे नांदेडच्या सहा महिन्यांच्या कोर्सात भुजंगला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल त्या दिवशी तो थेटरात असेल.

ट्रान्झिस्टर अॅल्युमिनियमला गच्च चिकटला होता. भुजंगनं खालून पेचकस घालून तो उचकटला. तो निघाला, पण अभ्रकाची अर्धी चकती त्याच्याबरोबर आली आणि अर्धी तिथंच राहिली.

"मोडलं का काय?" मारोतीनं विचारलं.

"मोडलं न्हाई. सुटं झालं."

दुकानात अभ्रक नव्हतं. पेस्टची ट्यूब पिळून पिळून जिभेसारखी चपटी झालेली. मग भुजंगनं डोकं चालवलं. फळीवर घामोळ्याच्या पावडरचा डबा होता. माणसाच्या पाठीवर टाकली की गार वाटतं, तर ट्रान्झिस्टरनं काय घोडं मारलं? त्यानं ती पावडर व्हॅसलिनमध्ये कालवली, अभ्रकाचे दोन तुकडे फुटक्या पापडासारखे शेजारी शेजारी जुळवले, दोन्हीकडून लेप दिला आणि स्क्रू आवळला. मशीन चालू झालं. थोड्या वेळानं दुकानात न्हाऊमाखू घातलेल्या बाळाचा वास दरवळायला लागला. मारोती खूष झाला. "वास लई भारी सुटला," म्हणाला. तेवढ्यात फ्यूज गेला. भुजंगनं फ्यूजच्या जागी जरा जाड तार घातली, जी वाटेल ते झालं तरी जाणार नाही अशी. ती खरंच गेली नाही. तिच्या बदल्यात ट्रान्झिस्टर गेले.

"आता?" मारोती म्हणाला.

"मी म्हणलो नव्हतो," भुजंग म्हणाला, "जळणार म्हणून?"

भुजंगचं नांदेडला जाणं हेसुद्धा एका अंदाजातून घडलेलं. लातूर नवा जिल्हा होणार अशी हवा सुटली तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा बसण्यापेक्षा त्यानं हिशेब मांडला: जिल्हा आला की हापिसं येणार, हापिसं आली की साहेब येणार, साहेब आले की टी.व्ही. येणार, आणि टी.व्ही. आला की तो बिघडणारच. सगळं अगदी तसंच झालं, फक्त लातूरला झालं. बोरवाडी अहमदपूरच्याही पलीकडं. तिथवर नव्या जिल्ह्याचा एक रंगारी तेवढा पोचला. त्यानं शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिलं, चहा पिला आणि गेला. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला. गेली दोन-तीन सालं तो येतो म्हणून सांगायचा आणि यायचा नाही.

भुजंगनं थांब्यासमोर पत्र्याचं दुकान टाकलं, 'भुजंग इलेक्ट्रॉनिक्स'. दुरुस्तीला यायचे ते रेडिओ, आणि त्यांचंही दुखणं बहुतेक सेल संपल्याचं असायचं. दुष्काळात लग्नं उरकायची म्हणून उरकत, कर्णे वाजायचे नाहीत. मग भुजंगनं आपला रोग आपणच शोधून काढला. काही आलं की तो म्हणायचा, पेस्ट वाळली. ज्याच्यात पेस्ट असते त्याला म्हणायचा, नसते त्यालाही म्हणायचा. पोस्टमास्तरच्या टेबलफॅनचीही पेस्ट वाळली असं त्याचं निदान होतं. "जुनं वाळलं की बदलून टाकावं," हे त्याचं पेटंट वाक्य. हात वाईट नव्हता हो त्याचा. झाळणं अगदी मोत्याच्या दाण्यासारखं. हात चांगला असलेल्या माणसाला काम नसलं की असं होतं.

पण विहाराचं मशीन म्हणजे टेबलफॅन नव्हे. बोरवाडीत टँकर यायचा तो पारापाशी थांबायचा. गावात पंचायतीचा कर्णा होता, त्याचं तोंड गावाकडं. वस्ती ओढ्याच्या पलीकडं, तिकडं त्याची पाठ. कुणी मुद्दाम केलं नव्हतं म्हणे. खांबच तसा होता. वस्तीतली धडधाकट माणसं दिवसभर पाझर तलावाच्या रोजगार हमीच्या कामावर. म्हणून वस्तीनं विहाराचा कर्णा तलावाच्या दिशेला बांधला होता. वाटेवर धुरळा दिसला की मारोती पुकारायचा आणि घरटी एकजण कामावरून पळत यायचा. तो पळत येईपर्यंत टँकरमध्ये जे राहायचं ते वस्तीचं. पुकारलं तर राहायचं. नाही पुकारलं तर ड्रायव्हर काय वाट बघत बसणार आहे?

टँकर दुसऱ्याच दिवशी आला. मारोती छपरावर चढून ओरडला. दुसऱ्या छपरावरून त्याच्या पुतणीनं पळी घेऊन ताट बडवलं. तलाव तिथून कोसभर. माणसं आली ती संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर, रोजच्यासारखी हसत-खिदळत, आणि ओल्या चिखलाकडं बघत उभी राहिली.

भुजंगच्या घरी त्या दिवशी रांजण भरले होते. त्याच्या आईनं, केवळाबाईनं, एक घागर जास्तीची मिळवली होती आणि जेवताना ती तेच सांगत होती. भुजंगनं ताट बाजूला सारलं. तो उठला, ती जास्तीची घागर उचलली, परसातल्या दारानं निघाला आणि ओढ्यातून, बाभळींच्या आडोशानं, वस्तीत गेला.

मारोतीची आई नागुबाई अंगणात दगडावर बसली होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी, आणि जिभेनं सगळ्यात तरणी.

"कोण, भुजंग का? ओढ्यातनं आलास?"

"हाव, मावशी."

"सडकेला काय काटे पेरलेत का आज?"

भुजंगनं घागर खाली ठेवली. "माझ्यामुळं तुमचं पाणी गेलं. म्हणून आणलंय."

"तुझ्या आईला माहीत हाय?"

भुजंग घागरीकडं बघत राहिला.

"मागच्या दारानं आलेलं पाणी मागच्या दारानं ने," नागुबाई म्हणाली. राग नव्हता आवाजात. भाजी नको म्हणावं तशी म्हणाली. "आमी उद्या शेजारच्या गावाहून आणू. डोक्याला चुंबळ हाय अजून."

"असं नका करू, मावशी. मी भरून देतो. कसं बी."

"देशील?"

"देतो."

"मग ऐक. वस्तीचं काय ते मारोती तुझ्याशी बोलंल, मशीन तू नीट करून दे. माझी एक घागर ऱ्हायली तुझ्याकडं. तुमच्या घराम्होरं आड हाय ना? त्याला पाणी आलं की माझी मी शेंदून घेईन. दिवसा. तू निस्ता बाजूला उभा ऱ्हा."

भुजंग "हाव" म्हणाला. त्या वेळी ते सोपं वाटलं, कारण आडात तेव्हा पाणी नव्हतं. सटवाजीच्या, म्हणजे भुजंगच्या बापाच्या, घरासमोरचा तो आड अख्ख्या आळीला पुरायचा. वस्तीतल्या बाया आल्या तर घरातलं कुणीतरी वरून ओतायचं. कायदा कधीच बदलला होता. आडाला कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.

सकाळच्या गाडीनं भुजंग लातूरला गेला. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत गुरुबसप्पा नावाच्या माणसाचं सुट्या भागांचं दुकान होतं. भुजंगनं ट्रान्झिस्टर मागितले, अभ्रक मागितलं, पेस्टची ट्यूब मागितली. गुरुबसप्पानं जळके ट्रान्झिस्टर नाकाशी धरले.

"ह्याला पावडरचा वास कशाचा?"

"घामोळ्याची हाय."

गुरुबसप्पानं ट्रान्झिस्टर खाली ठेवले. मग विचारलं, "उघडायच्या आधी मशीन बंद पडत होतं?"

"न्हाई."

"हात भाजत होता?"

"न्हाई."

"आवाज फाटत होता?"

"न्हाई हो, चालू होतं चांगलं."

"मग उघडलं कशाला?"

"पेस्ट वाळली होती."

"उघडायच्या आधी तुला कसं कळलं वाळली म्हणून?"

हा प्रश्न भुजंगला आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःलाही विचारला नव्हता.

"जुनं झालं होतं," तो म्हणाला.

गुरुबसप्पानं गल्ल्याकडं बोट केलं. तिथं एक म्हातारा बसला होता, खारकेसारखा सुरकुतलेला, आणि बोटाला थुंकी लावून काहीतरी मोजत होता. "आमचे वडील. वाळलेत का न्हाई? पण आजवर एक पैसा इकडचा तिकडं झाला न्हाई. पेस्टचं तसंच हाय बाबा. वाळली तरी जागची हलली न्हाई तर आपलं काम करून राहती. मशीन तापून मधीच गप व्हायला लागलं, हात ठेववंना, मग बदल. आणि एकदा का उचकटलं, की मग बदलावीच लागती. फुटलेली जुनी पेस्ट परत बसत न्हाई."

"मग तुमी ट्यूब इकता कशाला?"

"तुझ्यासारखे उचकटून येतात म्हणून," गुरुबसप्पा म्हणाला आणि ट्यूब पुढं सरकवली. "पातळ लाव. भाकरीला लोणी लावून राहिला न्हाईस तू."

म्हातारा गल्ल्यावरून मान न उचलता म्हणाला, "वाळलेत कुणाला म्हणून राहिलास रे?"

परतीच्या गाडीत भुजंगला खिडकीपाशी जागा मिळाली. नव्या जिल्ह्याची नवी हापिसं मागं गेली, मग जुना दुष्काळ सुरू झाला. झालेल्या प्रकारातून माणसानं धडा घ्यावा, तसा त्यानं घेतला: अभ्रक हलकं होतं. मूळ निदान बरोबरच होतं, घात केला अभ्रकानं. हे ठरल्यावर त्याला जरा झोप लागली.

पण हात त्याचा खरंच चांगला होता, हे पुन्हा सांगायला पाहिजे. विहाराच्या ओट्यावर बसून त्यानं जुना लेप खरवडला, अॅल्युमिनियम घासून आरशासारखं केलं, नवी चकती बसवली, पेस्ट पातळ लावली, इतकी की खालचं अभ्रक दिसावं. फ्यूजला आता जेवढी हवी तेवढीच बारीक तार. मारोती शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"किती दिवस टिकंल आता पेस्ट?"

"धा-पंधरा सालं."

"मग बदलायची?"

भुजंगनं पेचकस पुसला. "तवा बघू. तापलं तर."

"आँ?" मारोती म्हणाला. "परवा तर वेगळंच म्हणून राहिला होतास."

मशीन बोललं. पुढच्या टँकरला मारोतीनं असं पुकारलं की तलावावरचा मुकादमसुद्धा घागर शोधायला लागला. वस्तीच्या घागरी भरल्या. मारोतीनं भुजंगला घरात बोलावून चहा दिला. भुजंगनं तो पिला, आणि घरी जाऊन सांगितलं नाही. वस्तीनं त्याला माफ केलं. खरं तर वस्तीला माफ करायची सवयच जास्त होती. राहिली ती नागुबाईची एक घागर.

त्या साली पाऊस बरा झाला. आडाला पाणी आलं, वाकून हात घालावा इतकं वर. मग भुजंगला आठवण यायला लागली आणि नेमकी तेव्हाच कामंही निघायला लागली. नागुबाई खुरपणीला जाता-येता घरावरून जायची. ओट्यावर भुजंग दिसला की विचारायची, "आडाला पाणी आलं म्हणं?"

"आलंय की, मावशी."

"लई चांगलं झालं," म्हणायची आणि पुढं जायची. एवढंच. पण त्यानंतर भुजंग दुकानाला मागच्या दारानं जायला लागला. जातिवंत मेकॅनिकला घरातून दुकानात जायला दोन वाटा असलेल्या बऱ्या.

एकदा त्यानं आईजवळ विषय काढलाही. केवळाबाई जराही चिडली नाही. "एक का, दोन घागरी दे की म्हातारीला. मी भरून देते, तू नेऊन घाल. पाण्याला कुणी न्हाई म्हणलंय?"

"तिला शेंदून पायजे, आई. तिच्या हातानं."

"ते कशाला? हात दुखतील म्हातारीचे," केवळाबाई कळवळून म्हणाली. मग आवाज खाली आणला. "मला काय न्हाई रे. पण गाव काय म्हणंल?"

गाव म्हणजे समोरच्या ओसरीवर तंबाखू मळत बसणारे दोन म्हातारे, अण्णाराव आणि व्यंकटी. त्यांना बाराही महिने काही म्हणायला मिळायचं नाही, म्हणून ते तिथं बसायचे.

मारोतीनं मात्र एकदा दुकानात येऊन त्याला चिमटा घेतलाच. काउंटरवर टेकला आणि हळूच म्हणाला, "काय रे, तुमच्या आडाला किती सालं झाली असतील?"

"आज्याच्या आज्यानं खांदलाय. का?"

"काय न्हाई. जुनं वाळलं की बदलून टाकावं म्हणतूस ना तू. म्हणलं, त्याचं काय ठरलं इचारावं."

भुजंगनं झाळणीची सळई विनाकारण फडक्याला पुसली. "बघू की. दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. आणि मग एका सकाळी, चांगलं ऊन वर आल्यावर, नागुबाई आली. सडकेनं आली. डोक्यावर चुंबळ, काखेत रिकामी घागर, नवं लुगडं नेसलेली. आडापाशी थांबली. समोरच्या ओसरीवर अण्णारावचा तंबाखू मळणारा अंगठा तळहातावरच थांबला. केवळाबाई दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली आणि तिनं पदर सारखा केला. भुजंग ओट्यावर दात घासत होता.

"घागर आणलीय," नागुबाई म्हणाली.

भुजंगनं आईकडं बघितलं. आई व्यंकटीकडं बघत होती. व्यंकटी भुजंगकडं. भुजंगनं चूळ भरली, थुंकला, परत भरली. एक पाऊल ओट्याखाली टाकलं. तेवढं पाऊल त्यानं टाकलं हे सांगायलाच पाहिजे, कारण नंतर तो स्वतःच ते पुष्कळांना सांगत होता.

"मावशी," तो म्हणाला, "बादली दोरासकट आडात पडलीय. गळ आणावा लागंल काढायला. गळ आला की सांगतो."

नागुबाईनं कठड्याकडं बघितलं. कठड्यावर बादली होती. तिला बांधलेला दोर वेटोळं करून ठेवलेला होता, ओला, आणि त्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. तिनं ते नीट बघून घेतलं, भुजंगनंही बघितलं, केवळाबाईनंही.

"आण मग गळ," नागुबाई म्हणाली. "सांगाया पोरगं धाडू नको. तूच ये. सडकेनं."

तिनं घागर या काखेतून त्या काखेत घेतली आणि आली तशी गेली. अण्णारावनं चिमूट दाढेखाली ठेवली आणि केवळाबाई चहाला आधण ठेवायला आत गेली.

भुजंग इलेक्ट्रॉनिक्स अजून चांगलं चाललंय. चालतं मशीन तो आता उघडत नाही. आधी हात ठेवून बघतो, तापत नसेल तर परत देतो. गिऱ्हाईकं म्हणतात, माणूस सुधारला. गळ आणायला मात्र त्याला अजून सवड झालेली नाही.